थोरली, धाकटी आणि एकतीस सह्या

हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून एक थंडगार खोली होती आणि तिथे दोन जावा नांदत होत्या. थोरली आणि धाकटी. तळघरात जावा कुठून आल्या म्हणाल, तर ही नावं मास्तरांनी ठेवलेली. आणि मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का! हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. पण कुणी नुसतं "आज प्रिंटर का रुसलाय?" एवढं विचारलं तरी हा माणूस खिशातून पेन काढून, हाताला लागेल त्या कागदाच्या पाठीवर चौकोन आणि बाण काढायला लागायचा. विचारणाऱ्याला घाई असायची, ह्यांना नसायची. म्हणून सगळे मास्तर म्हणायचे.

तर त्या खोलीत एक उंच कपाट होतं आणि त्यात सव्वाशे डिस्क. हॉस्पिटलातले सगळे एक्स-रे, सगळे स्कॅन, पोटातल्या बाळाच्या पहिल्या फोटोपासून म्हाताऱ्याच्या मोडलेल्या खुब्यापर्यंत, सगळं त्यांच्यावर साठवलेलं. पण डिस्क म्हणजे नुसतं कोठार. काय कुठे ठेवलंय, कुणी मागितलं तर काढून द्यायचं, नवं आलं तर जागेवर लावायचं, हा सगळा कारभार करतो तो कंट्रोलर. तो बंद पडला की डिस्क ठणठणीत असूनही उपयोग शून्य. किल्ली विहिरीत पडल्यावर कोठारात किती पोती आहेत ह्याला काय अर्थ? म्हणून कंट्रोलर एक नसतो, दोन असतात. कपाटाच्या पाठीमागे एकाखाली एक बसवलेले, पुस्तकांच्या जाड गठ्ठ्याएवढे दोन डबे. वरची थोरली, खालची धाकटी.

कारभार सगळा थोरलीकडे. धाकटीनं शेजारी उभं राहून थोरली काय करते ते बघत राहायचं, आणि थोरली आडवी पडलीच तर पदर खोचून वीस सेकंदांत सगळं हातात घ्यायचं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना कळतासुद्धा कामा नये. ह्याला म्हणतात फेल-ओव्हर. मास्तर हे सांगायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांत अशी चमक यायची की वाटावं, दोघींची लग्नं ह्यांनीच जमवली असावीत.

आता ऐनवेळी धाकटी खरंच उभी राहील की नाही, हे कळायचं कसं? त्यासाठी दर तीन महिन्यांनी चाचणी असे. छापील फॉर्म होता. त्यावर लिहिलेलं: 'एक कंट्रोलर काढून यंत्रणा चालू राहते का ते पाहावे.' मास्तर रविवारी सकाळी सातला यायचे. खाली वाकायचे, धाकटीची खिटी दाबून तिला कपाटातून बाहेर ओढायचे, एक्स-रेवाल्याला फोन करायचे, "फोटो दिसतायत ना?" तो म्हणायचा, "दिसतायत." दहा मिनिटांनी धाकटी परत आत. फॉर्मवर 'समाधानकारक', खाली सही, आणि घरी जाऊन चहा. आठ वर्षांत अशा एकतीस सह्या झाल्या होत्या आणि आठ वर्षांत ते कपाट एकदाही बंद पडलं नव्हतं. हॉस्पिटलच्या वार्षिक अहवालात दर वर्षी तसं एक वाक्य छापून यायचं. मास्तर ते पान उघडून बायकोला दाखवायचे. बायको शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "वाचलं हो, गेल्या वर्षीचंच आहे."

मास्तरांच्या निवृत्तीला तीन आठवडे राहिले आणि त्यांच्या जागी नवी आली. तिला 'नवी'च म्हणायचे सगळे. तिथली पद्धतच तशी होती, पुढचा माणूस येईपर्यंत मागचा नवाच. तिशीची, केस आखूड, पायात धावायचे बूट, हातात निळी वही आणि प्रश्न विचारायची वाईट खोड. मास्तरांना ती पहिल्या दिवशीच आवडली, कारण चौकोन आणि बाण शेवटपर्यंत बघणारं माणूस त्यांना कित्येक वर्षांनी भेटलं होतं.

आठव्या दिवशी त्यांनी तिला चाचणी समजावून सांगितली. कागदावर थोरली काढली, धाकटी काढली, धाकटीवर फुली मारली.

"म्हणजे धाकटी काढली तरी थोरली चालू राहते," नवी म्हणाली.

"बरोबर."

"पण थोरली तर आधीपासून चालूच होती ना?"

"हो."

"मग आपण तपासलं काय?"

मास्तरांचं पेन कागदावर थांबलं.

"थोरली कधी काढायची, सर?"

"ती काढायची नसते."

"का?"

"अगं, सगळं तिच्यावर चाललंय."

"म्हणून तर विचारतेय."

आणि मास्तर भडकले. सदतीस वर्षांच्या नोकरीत ज्यांचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता, ते मास्तर. "तुला इथे येऊन आठ दिवस झालेत! मी आठ वर्षं हे कपाट सांभाळतोय. वर जा आणि विचार, एकदा तरी बंद पडलंय का. चाललेल्या गाडीला खीळ घालायची हौस असेल तर मी गेल्यावर घाल!"

निळ्या वहीत नवीनं एक ओळ लिहिली आणि पान उलटलं. तिनं काय लिहिलं ते मास्तरांना विचारता येईना, आणि विचारल्यावाचून राहवेना. शेवटी "चहा घेऊन येतो" म्हणून उठले ते संध्याकाळपर्यंत तिकडे फिरकलेच नाहीत.

घरी आले, तर पहिला घास तोंडात तसाच फिरत राहिला.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"तुमचं काही नाही म्हणजे बरंच काही असतं. सांगा."

"ती नवी आलीय ना, ती मला शिकवतेय. कालची पोरगी! म्हणे तुमची चाचणी अर्धीच आहे."

"मग? आहे का अर्धी?"

अशा बायकोपुढे माणसानं करायचं काय? मास्तर ताटावरून उठले, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडकीच्या काचा पुसत होतं. मास्तर बघत होते काचा आणि दिसत होती थोरलीची खिटी.

खरं सांगायचं तर नवीनं नवीन काहीच सांगितलं नव्हतं. तिसऱ्या चाचणीची गोष्ट. त्या दिवशी मास्तरांनी थोरलीच्या खिटीवर अंगठा ठेवला होता. दाबायचा फक्त. पण त्यांच्या मनात आलं, समजा नाही घेतलं धाकटीनं तर? वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचे काळे पडदे, डॉक्टरांची आरडाओरड, आणि सगळे म्हणणार, चांगलं चाललेलं यंत्र मास्तरांनी बंद पाडलं. हात दाखवून अवलक्षण! अंगठा मागे घेतला आणि खाली वाकले. नाहीतरी फॉर्मवर 'एक' लिहिलं होतं, कोणता ते लिहिलं नव्हतं. पुढच्या खेपेला अंगठा वर गेलाच नाही. त्यानंतर हाताला सवय झाली, आणि सवय झाली की माणसाला विचार करावा लागत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ही मूठ अठ्ठावीस चाचण्या झाकलेली राहिली.

दोन आठवडेच तर राहिलेत, मास्तरांनी स्वतःला समजावलं. फुलांचा गुच्छ घ्यायचा, चार शब्द बोलायचे आणि घरी यायचं. पण मग कधीतरी थोरली जाणारच, यंत्र आहे. भर दुपारी जाईल, कुणाची तरी कवटी उघडलेली असताना जाईल. तेव्हा त्या कपाटापुढे ती आखूड केसांची पोरगी उभी असेल आणि तिच्या हातात सगळं ठीक आहे म्हणणाऱ्या एकतीस सह्या असतील. नेमकं हेच त्यांच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अधीक्षकबाईंच्या खोलीत गेले. अधीक्षकबाई मूळच्या डोळ्यांच्या डॉक्टर. हॉस्पिटलचा कारभार आल्यापासून डोळे कमी आणि फायली जास्त तपासत होत्या.

"मला रविवारी सकाळी सातला अर्धा तास हवाय. चाचणीसाठी."

"दर तीन महिन्यांनी घेताच की तुम्ही. त्यासाठी माझ्याकडे कधीपासून यायला लागलात?"

"ह्या वेळी थोरली काढायचीय. म्हणजे मुख्य कंट्रोलर."

बाईंनी चष्मा काढला. "मग आतापर्यंत काय काढत होतात?"

"दुसरा."

"आठ वर्षं?"

"आठ वर्षं."

"म्हणजे दोन डोळ्यांचा माणूस आला आणि तुम्ही दर वेळी एकच डोळा तपासून चष्म्याचा नंबर देत होतात." बाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. "का पण?"

उत्तर तोंडात तयार होतं. मला भीती वाटायची, एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी तोंडातून निघालं, "लक्षातच आलं नाही."

बाईंनी मान हलवली. "आणि काढल्यावर बंद पडलं तर?"

"तर निदान सगळ्यांना आधी सांगून, रिकाम्या वेळी बंद पडेल."

"घ्या अर्धा तास," बाई म्हणाल्या.

सगळ्या खात्यांना निरोप गेले. रविवारी सातला नवी आधीच येऊन उभी होती. एक्स-रेवाला फोनवर. मास्तरांनी थोरलीच्या खिटीवर अंगठा ठेवला. नवी डोळे मोजपट्टीसारखे सरळ धाकटीच्या दिव्यावर लावून उभी होती. मास्तरांनी खिटी दाबली आणि ओढलं.

धाकटीचा हिरवा दिवा पिवळा झाला. दहा सेकंद. वीस. नवी हळू आवाजात मोजत होती. चाळीस झाले, साठ झाले. दिवा पिवळाच.

"मास्तर," फोनवरून एक्स-रेवाला म्हणाला, "पडदा काळा झालाय हो."

मास्तरांनी थोरलीला परत आत ढकललं. पण थोरली म्हणजे काही विजेचा दिवा नव्हे, की बटण दाबलं आणि लागली. ती उठते, मग सव्वाशे डिस्कची एकेक करून विचारपूस करते, आणि तिचं समाधान झाल्यावरच कामाला लागते. तोवर वर पाय मोडलेला एक ट्रकवाला आलेला. सर्जन स्वतः जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेले, तिथल्या यंत्राच्याच छोट्या पडद्यावर हाड बघितलं, परत जिना चढले. चढता चढता त्यांनी तळघरात फोन करून मास्तरांना जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ट्रकवाल्याचा पाय नीट बसला, हे मात्र लिहायला हवं.

एक्केचाळीस मिनिटं लागली. थंड खोलीत मास्तरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "मी म्हटलं नव्हतं का" हे चार शब्द बोलायचा नवीला पूर्ण हक्क होता, पण नाही बोलली. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन धाकटीच्या नोंदी वाचत बसली होती.

"सर, तीन वर्षांपूर्वी धाकटीच्या आतला एक भाग बदललाय का?"

"बदललाय. कंपनीचा माणूस येऊन बदलून गेला."

"त्या भागात प्रोग्रॅम जुना होता. थोरलीच्या नोंदी तिला वाचताच येत नाहीत. थोरली दर सेकंदाला तिला विचारते, आहेस का, आणि ही म्हणते, आहे. म्हणून दिवा हिरवा. कारभार उचलायची वेळ आली की मात्र हिला काही कळत नाही."

"म्हणजे तीन वर्षं..."

"तीन वर्षं नुसतं 'आहे' चाललंय."

तीन वर्षं म्हणजे बारा चाचण्या. बारा वेळा 'समाधानकारक' लिहून मास्तरांनी खाली सही ठोकली होती, आणि बाराही वेळा कपाट एकाच पायावर उभं होतं.

मंगळवारी कंपनीची बाई येऊन धाकटीत नवा प्रोग्रॅम घालून गेली. बुधवारी पुन्हा चाचणी. ह्या खेपेला मास्तरांनी ओढलं आणि अठरा सेकंदांत दिवा पिवळ्याचा हिरवा झाला. एक्स-रेवाला फोनवर कंटाळला होता. "मास्तर, काढणार कधी? माझी पेशंट खोळंबलीय."

"काढली," मास्तर म्हणाले.

"अच्छा? बरं मग, ठेवू फोन?"

नवी खळखळून हसली आणि मास्तरही हसले. कितीतरी दिवसांनी.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण शुक्रवारी अधीक्षकबाईंनी बैठक घेतली आणि अहवाल वाचून दाखवला. 'चाचणीच्या नमुन्यात कोणता कंट्रोलर काढावा याचा उल्लेख नसल्याने ही त्रुटी पूर्वी लक्षात आली नाही.' मग चष्मा काढून म्हणाल्या, "आठ वर्षांत एक्केचाळीस मिनिटं. तीही मास्तरांनी जाता जाता स्वतःहून शोधून काढली. दुसरा कुणी असता तर गप्प बसून निघून गेला असता."

सर्जनसुद्धा मान हलवत होते. सगळ्यांनी मास्तरांकडे कौतुकानं बघितलं, कुणीतरी पाठ थोपटली आणि अहवाल सहीसाठी त्यांच्यापुढे आला. मास्तरांनी वाचला. 'लक्षात आली नाही.' पेन हातात घेऊन ते क्षणभर थांबले, आणि सही केली. बत्तिसावी.

बाहेर नवीनं त्यांना नवा फॉर्म दाखवला. 'दोन्ही कंट्रोलर आळीपाळीनं काढावेत', ठळक अक्षरांत. "आता कुणाची चूक व्हायला जागाच नाही सर. चूक फॉर्ममध्येच होती."

"छान," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार? जसं काही फॉर्मनंच खिटीकडे नेलेला अंगठा मागे घेतला होता!

त्या आठवड्यात मास्तर घरात भुतासारखे हिंडत होते. खाई त्याला खवखवे, हे काय उगीच म्हणतात? बायको म्हणाली, "सुटलात की. अधीक्षकबाईंनी शाबासकी दिली, नाव राहिलं. मग चेहरा का असा झालाय?" मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. तिसऱ्या चाचणीपासून ते बत्तिसाव्या सहीपर्यंत. बायकोनं मशीन थांबवलं. पायाखालची पट्टीसुद्धा हलू दिली नाही.

"आता मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मी थोडीच ते कपाट सांभाळणाराय?"

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारला निरोप समारंभ झाला. दुसऱ्या मजल्यावरची बैठकीची खोली, टेबलावर केक, बिस्किटं, चहाचे कागदी कप. पंधरा-वीस माणसं. बायको ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत. सर्जन बोलले, एक्स-रेवाला बोलला आणि बोलताना रडला. अधीक्षकबाईंनी गुच्छ दिला. "काळजी म्हणजे काय ते मास्तरांकडून शिकावं," असं त्या म्हणाल्या.

मग मास्तर बोलायला उभे राहिले. खिशात भाषण होतं, ते खिशातच राहिलं.

"फॉर्मची चूक नव्हती," ते म्हणाले.

लोकांना वाटलं, आता चौकोन आणि बाण येणार. एकदोघं हसले.

"फॉर्मची चूक नव्हती हो. मला माहीत होतं. खरी चाचणी थोरलीला काढूनच होते, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तिच्या खिटीवर एकदा अंगठाही ठेवला होता. काढली नाही, कारण मला भीती वाटली. आपणहून बंद पडलं तर लोक म्हणतात यंत्र बिघडलं. मी काढली आणि बंद पडलं, तर म्हणाले असते मास्तरांनी बंद पाडलं. मला माझं नाव जपायचं होतं. म्हणून दर वेळी धाकटी. एकतीस वेळा खाली वाकलो. आणि परवा अहवालावर केलेली सही, 'लक्षात आली नाही' म्हणून, तीही खोटी." मास्तरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "तुम्ही फॉर्म बदललात, ते चांगलंच केलंत. पण भ्यालेला माणूस त्या फॉर्ममधूनही वाट काढेल. मी काढली असती. म्हणून सांगितलं."

सर्जन कपात बघत होते. अधीक्षकबाईंच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसून गेलं होतं आणि आता तिथे काय लिहिलं जाईल ते कळत नव्हतं. मास्तर उभेच होते. सदतीस वर्षं संपायची ती अशी संपली, असं त्यांच्या मनात आलं. लाज वाटत होती. बायकोकडे बघायचा धीर झाला नाही.

"सर," मागच्या रांगेतून नवी म्हणाली.

ती उठून पुढे आली. हातात निळी वही उघडलेली होती.

"आणखी कशाकशाला हात लावायची भीती वाटायची?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, दया नव्हती. कपाटातल्या कुठल्या वायरीचा रंग कोणता, हे जसं विचारायची तसंच विचारत होती.

"सांगा ना. मी लिहून घेते. उद्यापासून तुम्ही नसणार."

मास्तरांनी खुर्ची ओढली आणि बसले. बायकोनं न बोलता चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"एक," मास्तर म्हणाले. "जनरेटर. दर महिन्याला चालू करून बघतो, पण हॉस्पिटलचा भार त्याच्यावर टाकून कधी बघितलेलं नाही."

नवीनं लिहिलं.

"दोन. सगळ्या फोटोंची रोज टेपवर प्रत निघते. निघते, एवढंच माहीत आहे. ती परत वाचता येते का, ते कधी बघितलेलं नाही. तीन. थोरली आणि धाकटीच्या विजेच्या वायरी वेगळ्या आहेत असं नकाशात आहे. भिंतीमागे त्या एकाच पेटीत जातात, असा मला संशय आहे. पेटी उघडली नाही. उघडली आणि तसं निघालं तर भिंत फोडावी लागली असती."

चौथं सांगून झालं आणि सर्जननी कप खाली ठेवला. पाचव्यानंतर एक्स-रेवाला चुळबुळत उठला. "मास्तर, आमच्या खात्यातलं एक सांगू का? म्हणजे तुम्ही सांगताय म्हणून." त्यानं सांगितलं, डोळे जमिनीकडे लावून. नवीनं सहावा आकडा घातला आणि लिहून घेतलं. कुणी त्याला काही बोललं नाही. सातवं सर्जननी सांगितलं, आणि ते ऐकून एक नर्स तोंडावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

तेवढ्यात अधीक्षकबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं, झालं, आता ह्या निघून जाणार, उद्या सगळ्यांना नोटिसा येणार. मास्तर अर्धवट उभे राहिले. "बाई, ह्यांची काही चूक नाही, मी सुरुवात केली."

बाई दारापर्यंत गेल्या. दार आतून लावून घेतलं, कडी घातली, परत आल्या. एक खुर्ची उचलून नवीच्या शेजारी ठेवली, तीवर बसल्या आणि चष्मा काढून हातात धरला.

"आठवं माझं लिही," त्या म्हणाल्या.